ट्रॅक्टर-ट्रॉलीचा इंडिकेटर बंद: दोष ओळखणे आणि स्विच बदलणे

ऊस असो, कांदा असो की कापूस, भरलेली ट्रॉली रस्त्यावर आली की मागच्या वाहनचालकाला ट्रॅक्टर दिसत नाही, फक्त ट्रॉलीची मागची बाजू दिसते. ट्रॅक्टर उजवीकडच्या शेतरस्त्याला वळणार आहे, हे त्याला कळण्याचे साधन म्हणजे ट्रॉलीचा इंडिकेटर. तो बंद असेल तर मागून येणारा दुचाकीस्वार उजव्या बाजूने पुढे जायला निघतो आणि नेमका वळणाऱ्या ट्रॅक्टरवर येऊन आदळतो. गळीत हंगामात वाहतूक रात्रीही चालते, तेव्हा हाताचा इशाराही उपयोगी पडत नाही.

इंडिकेटर बंद पडला की बहुतेक ठिकाणी "स्विच गेला" असे धरून थेट नवा स्विच आणला जातो. दोष मात्र अनेकदा बल्ब, अर्थिंग, फ्यूज, फ्लॅशर किंवा ट्रॉलीच्या सॉकेटमध्ये असतो. स्विच खरोखरच जळलेला असला, तरी तो का जळला हे न पाहता नवा बसवला तर तोही लवकरच जळतो. म्हणून आधी तपासणी, मग कारण दूर करणे आणि शेवटी बदल, हा क्रम पाळावा. खालील माहिती १२ व्होल्टच्या, निगेटिव्ह अर्थिंग असलेल्या ट्रॅक्टरसाठी आहे.

यंत्रणा कशी चालते?

इंडिकेटरचा वीजप्रवाह पुढील क्रमाने जातो:

१. बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक
२. चावीचा स्विच
३. फ्यूज
४. हॅझार्ड स्विच, म्हणजे चारही इंडिकेटर एकाच वेळी लावणारे लाल त्रिकोणाचे बटण (ज्या ट्रॅक्टरला असेल त्यात)
५. फ्लॅशर, म्हणजे टिकटिक आवाज करून प्रवाह सुरू-बंद करणारी छोटी डबी
६. इंडिकेटर स्विच
७. डाव्या किंवा उजव्या बाजूचे बल्ब
८. अर्थिंग, म्हणजे ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडे परतीचा मार्ग

इंडिकेटर स्विचचे काम साधे आहे. फ्लॅशरकडून आलेली एक वायर तो डाव्या किंवा उजव्या वायरला जोडतो; मधल्या स्थितीत कोणालाच जोडत नाही. काही ट्रॅक्टरमध्ये हा स्विच डॅशबोर्डवर स्वतंत्र असतो. काहींमध्ये तो स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये हॉर्न आणि डिपरसोबत असतो. अनेक ट्रॅक्टरमध्ये वळण झाल्यावर स्विच आपोआप मधल्या स्थितीत येत नाही. चालकाने तो हाताने बंद करावा लागतो; चालू राहिलेला इंडिकेटरही मागच्याची फसगत करतो.

लागणारे साहित्य

• टेस्ट लॅम्प: १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायर. एका वायरला क्लिप, दुसरीला टोकदार सळई असावी. हा घरीही बनवता येतो.
• मल्टिमीटर असल्यास उत्तम.
• दोन टोकांना क्लिप असलेली जोडवायर. तिच्या मध्ये १० अँपिअरचा फ्यूज असावा.
• स्क्रू ड्रायव्हर, पाने, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे.
• सुटे बल्ब, योग्य अँपिअरचे फ्यूज, लग आणि चांगल्या प्रतीची इन्सुलेशन टेप.

लक्षणांवरून दोषाचा अंदाज

तपासणी सुरू करण्यापूर्वी ट्रॉली सोडून ट्रॅक्टर एकटा उभा करावा. चावी लावून डावा, उजवा आणि नंतर हॅझार्ड असे तिन्ही लावून पाहावेत. एक जण स्विचजवळ आणि दुसरा ट्रॅक्टरभोवती फिरून पाहणारा असावा.

• एकच दिवा लागत नाही, बाकी सर्व ठीक: त्या दिव्याचा बल्ब, होल्डर किंवा अर्थिंग. स्विच दोषी नाही.
• एका बाजूची उघडझाप दुसऱ्या बाजूपेक्षा खूप वेगाने होते: त्या बाजूचा बल्ब उडालेला किंवा कमी वॅटचा. अनेक इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बल्ब गेल्याची सूचना अशीच देतात. जुन्या तापणाऱ्या पत्तीच्या फ्लॅशरमध्ये याच दोषाने उघडझाप मंदावते किंवा दिवा स्थिर पेटून राहतो.
• एका बाजूचे पुढचे व मागचे दोन्ही दिवे बंद, दुसरी बाजू व्यवस्थित: स्विचमधील त्या बाजूचा कॉन्टॅक्ट किंवा स्विचपासून पुढे जाणारी त्या बाजूची वायर. फ्लॅशर आणि फ्यूज चांगले आहेत.
• दोन्ही बाजू बंद, पण हॅझार्ड चालतो: बल्ब आणि अर्थिंग ठीक आहेत. इंडिकेटरचा वेगळा फ्यूज, चावीकडून येणारी वायर, हॅझार्ड स्विचमधील कॉन्टॅक्ट किंवा इंडिकेटर स्विच यांवर संशय घ्यावा. काही मॉडेलमध्ये हॅझार्डसाठी वेगळा फ्लॅशर असतो, तेव्हा इंडिकेटरचा फ्लॅशरही तपासावा.
• दोन्ही बाजू आणि हॅझार्डही बंद: फ्यूज, फ्लॅशर किंवा मुख्य पुरवठा.
• दिवे पेटतात पण उघडझाप होत नाही: फ्लॅशर किंवा बल्बचे चुकीचे वॅट.
• इंडिकेटरसोबत मागचा लाल दिवाही मंद लुकलुकतो: त्या दिव्याचे अर्थिंग खराब आहे. परतीचा मार्ग न मिळाल्याने प्रवाह दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो.
• स्विचचा दांडा हलवला, दाबून धरला की दिवा लागतो, सोडला की बंद होतो: स्विच झिजलेला किंवा त्याचा कपलर सैल.
• ट्रॉली जोडली की बिघाड, सोडली की ठीक: दोष ट्रॉलीच्या वायरिंगमध्ये किंवा सॉकेटमध्ये.

स्थिती योग्य असेल तर दिवा मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करतो. मोबाइलच्या घड्याळावर १५ सेकंद मोजून चारने गुणले की वेग कळतो.

तपासणीचा क्रम

सोप्यापासून अवघडाकडे जावे. स्विच सर्वांत शेवटी उघडावा.

१. बॅटरी: इंजिन बंद असताना चांगल्या, भारित बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात. टोकांवरील पांढरा-हिरवा थर साफ करून पट्ट्या घट्ट कराव्यात.

२. फ्यूज: फ्यूज काढून दोन्ही बाजू तपासाव्यात. तार अखंड दिसत असली तरी पाय गंजलेले असू शकतात. उडालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तांब्याची तार गुंडाळू नये. तसे केल्यास पुढच्या शॉर्टसर्किटमध्ये फ्यूजऐवजी वायरिंग जळते आणि डिझेल टाकी, वाळलेला पाला किंवा कडबा जवळ असल्यास आग लागू शकते.

३. बल्ब: इंडिकेटरला साधारणपणे १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब असतो. तरीही जुन्या बल्बवरील किंवा पुस्तिकेतील आकडा पाहूनच नवा घ्यावा. होल्डरमधील गंज पॉलिश पेपरने काढावा, दबलेली पितळी पत्ती हलकेच वर उचलावी.

४. अर्थिंग: टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लावावी आणि सळई दिव्याच्या अर्थिंग वायरला टेकवावी. लॅम्प पूर्ण प्रकाशाने पेटला तर अर्थिंग चांगले. मंद पेटला तर अर्थिंगचा बोल्ट काढून रंग आणि गंज खरवडून पुन्हा घट्ट बसवावा.

५. फ्लॅशर: यापुढे क्लिप अर्थिंगला लावावी. चावी चालू करून फ्लॅशरच्या पुरवठ्याच्या पायावर सळई टेकवावी. या पायावर बहुधा 'बी', 'एक्स' किंवा '४९' असे छापलेले असते. लॅम्प पेटला नाही तर दोष फ्लॅशरच्या आधी आहे. पेटला तर फ्लॅशर काढून त्याच्या सॉकेटमधील पुरवठ्याचा आणि 'एल' किंवा '४९ए' हा बाहेर जाणारा पाय जोडवायरने जोडावेत. आता इंडिकेटर स्विच डावीकडे, मग उजवीकडे करावा. दिवे स्थिर पेटले तर फ्लॅशर खराब. तरीही दिवे पेटले नाहीत तर दोष स्विचमध्ये किंवा त्यापुढे आहे. जोडवायरचे टोक चुकूनही अर्थिंगला लागू देऊ नये.

६. स्विच: वरील पाचही ठिकाणी दोष नसेल तरच स्विच उघडावा.

स्विचची चाचणी

स्विचचे झाकण काढून कपलर मोकळा दिसेल असे करावे. तीन वायर शोधाव्यात: फ्लॅशरकडून येणारी, डावीकडे जाणारी आणि उजवीकडे जाणारी. रंग कंपनीनुसार बदलतात, म्हणून रंगावर विसंबून न राहता टेस्ट लॅम्पने खात्री करावी.

• पहिली चाचणी: फ्लॅशर पुन्हा बसवून चावी चालू करावी. कपलर जोडलेला ठेवून स्विच डावीकडे करावा. फ्लॅशरकडून येणाऱ्या वायरवर टेस्ट लॅम्प पेटतो आणि डाव्या वायरवर पेटत नाही, तर स्विच आतून तुटलेला आहे. उजव्या बाजूसाठी हेच करावे.

• दुसरी चाचणी: कपलर सोडून वायरिंगच्या बाजूने येणारी वायर आणि डावी वायर जोडवायरने जोडावी. डावे दिवे व्यवस्थित लुकलुकू लागले तर स्विच बदलणे योग्य. दिवे लागलेच नाहीत तर नवा स्विच बसवूनही लागणार नाहीत. वायर पुढे कुठे तुटली आहे ते शोधावे. शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरची वायर उंदीर कुरतडतात. सांध्याजवळ आणि स्टिअरिंगच्या वळणावर ती घासून तुटते.

• तिसरी चाचणी, मल्टिमीटर असल्यास: स्विच सुटा करून दांडा डावीकडे करावा. येणाऱ्या आणि डाव्या पिनमधील रोध जवळजवळ शून्य ओहम दिसला पाहिजे. मधल्या स्थितीत जोड दिसता कामा नये. दांडा हलकेच हलवताना आकडा वरखाली होत असेल तर कॉन्टॅक्ट झिजले आहेत.

जोडलेल्या, चालू स्थितीत स्विचच्या दोन टोकांमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट येत असेल, तर स्विच 'चालतो' असे वाटले तरी तो आतून तापत असतो. दिवे मंद दिसण्याचे हेही एक कारण आहे.

साफ करावा की बदलावा?

कॉन्टॅक्टवर फक्त काळा किंवा हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दांडा २० ते ३० वेळा दोन्ही बाजूंना फिरवावा. अनेकदा एवढ्याने काम होते. डिझेल किंवा रॉकेलने स्विच धुऊ नये. तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. पेट्रोल तर वापरूच नये, एका ठिणगीने भडका उडू शकतो.

प्लास्टिक वितळले असेल, पितळी पत्ती निळसर-काळी पडून तिची लवचीकता गेली असेल, दांडा जागेवर थांबत नसेल किंवा कपलरच्या पिना जळल्या असतील तर स्विच बदलावा. कपलर जळला असेल तर नव्या स्विचबरोबर तोही बदलावा.

हिरवट थर येण्यामागे शेतीतले एक कारण आहे. युरिया, अमोनियम सल्फेट यांसारख्या खतांची धूळ हवेतील ओलावा ओढून घेते. अमोनियायुक्त ओलावा तांबे आणि पितळ खातो. खताच्या गोण्या वाहिल्यावर, खत फेकणी यंत्र वापरल्यावर किंवा फवारणी झाल्यावर डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगभोवतालचा भाग ओलसर फडक्याने पुसून कोरडा करावा. पाण्याचा जोरदार फवारा स्विचवर मारू नये.

स्विच बदलण्याची पद्धत

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक लावावा, अवजार जमिनीवर टेकवावे, चावी काढावी.

२. बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी सोडावे. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना सांगाड्याला टेकला तर मोठी ठिणगी पडते.

३. कपलर सोडण्यापूर्वी मोबाइलने दोन-तीन बाजूंनी फोटो काढावेत. वायर सुट्या असतील तर प्रत्येकीला टेप लावून 'आवक', 'डावी', 'उजवी', 'हॉर्न' असे लिहावे.

४. जुना स्विच काढून दुकानात सोबत न्यावा. पिनांची संख्या व जागा, कपलरचा आकार, बोल्टमधील अंतर आणि दांड्याची लांबी जुळवून पाहावी. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या ट्रॅक्टरमध्येही स्विच वेगळा असू शकतो. ट्रॅक्टरचा चेसिस क्रमांक सांगितल्यास अधिकृत विक्रेत्याला योग्य भाग काढता येतो.

५. डॅशबोर्डवरील स्विच पुढच्या गोल नटने किंवा दोन स्क्रूंनी धरलेला असतो. स्टिअरिंगखालच्या स्विचसाठी खालचे-वरचे झाकण काढावे. काही मॉडेलमध्ये स्टिअरिंग चाक काढावे लागते. तसे असल्यास पुढची चाके सरळ करून शाफ्ट व चाकावर खूण करावी आणि पुलरने चाक ओढावे. शाफ्टवर हातोडा मारू नये. पुलर नसेल तर हे काम कार्यशाळेतच करून घ्यावे. बसवताना मधला नट पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात घट्ट झाल्याशिवाय ट्रॅक्टर हलवू नये.

६. नवा स्विच बसवण्यापूर्वी मल्टिमीटरने किंवा टेस्ट लॅम्पने तपासावा. नवा भागही सदोष निघू शकतो.

७. वायर पिळून टेप गुंडाळण्याची पद्धत टाळावी. हादऱ्यांनी असा जोड सैल होतो. लग दाबून किंवा डाख देऊन जोड करावा आणि त्यावर आवरण चढवावे.

८. वायर सायलेन्सरपासून, धारदार पत्र्यापासून आणि फिरणाऱ्या शाफ्टपासून दूर बांधावी. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून ती ताणली जात नाही ना, ते पाहावे.

९. बॅटरीचे निगेटिव्ह टोक जोडून डावा, उजवा, हॅझार्ड, हॉर्न, हेडलाइट आणि डिपर सर्व तपासावेत. इंडिकेटर १० मिनिटे चालू ठेवून स्विच आणि कपलरला हात लावून पाहावा. चांगला गरम लागत असेल तर भार जास्त आहे किंवा जोड सैल आहे.

नवा स्विच पुन्हा का जळतो? भाराचा हिशेब

ट्रॅक्टरचा इंडिकेटर स्विच आणि फ्लॅशर सहसा ट्रॅक्टरचे दिवे आणि एका ट्रॉलीचा भार धरून बसवलेले असतात. २१ वॅटच्या एका बल्बला १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर लागतात. त्यानुसार एका बाजूचा भार असा होतो:

• फक्त ट्रॅक्टर, पुढे एक व मागे एक बल्ब: ४२ वॅट, ३.५ अँपिअर
• सोबत एक ट्रॉली: ६३ वॅट, ५.२५ अँपिअर
• सोबत दोन ट्रॉल्या: ८४ वॅट, ७ अँपिअर

म्हणजे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडल्या की त्याच स्विचमधून एकट्या ट्रॅक्टरच्या दुप्पट प्रवाह जातो. फ्लॅशरच्या डबीवर तो किती बल्बसाठी आहे हे छापलेले असते, ते पाहावे. भार जास्त असेल तर दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, ट्रॉलीला एलईडी दिवे: ट्रॅक्टरचे मूळ बल्ब तसेच ठेवून फक्त ट्रॉलीचे दिवे एलईडी करावेत. एलईडी दिवा अगदी थोडा प्रवाह घेतो, त्यामुळे स्विचवर भार वाढत नाही आणि फ्लॅशरला त्याचा ठरलेला भार मिळत राहतो. ट्रॅक्टरचेही सर्व बल्ब एलईडी केले तर भार फारच कमी होऊन उघडझाप बिघडते. मग एलईडीसाठीचा फ्लॅशर घ्यावा लागतो.

दुसरा मार्ग, रिले: ट्रॉलीच्या डाव्या-उजव्या बाजूसाठी १२ व्होल्टचे चार पिनांचे दोन रिले बसवावेत. प्रत्येक रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला बॅटरीकडून १० अँपिअरच्या स्वतंत्र फ्यूजमधून पुरवठा द्यावा. ८७ वरून ट्रॉलीच्या सॉकेटला वायर न्यावी. ८६ ला ट्रॅक्टरच्या त्या बाजूच्या इंडिकेटरची वायर आणि ८५ ला अर्थिंग जोडावे. आता स्विचवर ट्रॉलीचा भार येत नाही, फक्त रिले चालवण्यापुरता प्रवाह जातो. फ्यूज बॅटरीच्या जवळच असावा. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर असा बदल करण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावे.

या दोन्ही मार्गांत एक मर्यादा आहे: ट्रॉलीचा दिवा बंद पडला तरी ट्रॅक्टरवरील उघडझापीचा वेग बदलत नाही, त्यामुळे चालकाला ते कळत नाही. म्हणून निघण्यापूर्वी मागे जाऊन पाहणे टाळता येत नाही.

ट्रॉलीचा सात पिनांचा सॉकेट

१२ व्होल्टच्या सात पिनांच्या सॉकेटची आंतरराष्ट्रीय मानकानुसार जोडणी अशी असते:

• १: डावा इंडिकेटर, पिवळी वायर
• २: जादा वापरासाठी, निळी
• ३: अर्थिंग, पांढरी
• ४: उजवा इंडिकेटर, हिरवी
• ५: उजवा मागचा दिवा, तपकिरी
• ६: ब्रेक दिवा, लाल
• ७: डावा मागचा दिवा, काळी

स्थानिक कारागिराने बनवलेल्या ट्रॉलीत हे रंग पाळलेले असतीलच असे नाही. ट्रॉली बदलली की डावा लावल्यावर उजवा दिवा लुकलुकतो, असे यामुळेच घडते. हा प्रकार इंडिकेटर नसण्यापेक्षाही घातक आहे. म्हणून नवी किंवा भाड्याची ट्रॉली जोडल्यावर पहिली तपासणी हीच करावी.

ट्रॉलीतील सर्वांत सामान्य दोष अर्थिंगचा असतो. अनेक ट्रॉल्यांना अर्थिंगची वेगळी वायरच नसते. हुकच्या लोखंडी पिनमधून काम भागवले जाते. पिनवर ग्रीस, रंग आणि गंज असतो, खड्ड्यात ती उचलली जाते आणि दिवे येतात-जातात. पिन क्रमांक ३ पासून प्रत्येक मागच्या दिव्यापर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र अर्थिंग वायर न्यावी. इंडिकेटरसाठी १.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. वायर ट्रॉलीच्या चॅनेलमध्ये नळीतून न्यावी. सॉकेटला झाकण असावे आणि पिनांना पेट्रोलियम जेली हलकी लावावी.

ऊस भरताना वाढे मागे लोंबून दिवे झाकतात. दिवा चालू असून दिसत नसेल तर तो बंद असल्यासारखाच आहे. भरणी झाल्यावर मागे लोंबणारी वाढे कापावीत आणि दिवे, लाल परावर्तक पट्ट्या मोकळ्या ठेवाव्यात.

पिकअप किंवा कार असेल तर

तपासणीचा क्रम तोच आहे: फ्यूज, बल्ब, अर्थिंग, फ्लॅशर, मग स्विच. तीन फरक लक्षात घ्यावेत. एक, अनेक गाड्यांमध्ये इंडिकेटरचा पुरवठा हॅझार्ड बटणातून जातो. म्हणून इंडिकेटर बंद पडल्यास हे बटण आठ-दहा वेळा दाबून पाहावे. त्यानंतर दिवे लागले तर दोष त्या बटणाच्या कॉन्टॅक्टमध्ये आहे. दोन, वळणानंतर दांडा आपोआप परत येत नसेल पण दिवे व्यवस्थित लागत असतील, तर स्विचमधील परतीची प्लास्टिक कळ तुटलेली असते. तेव्हाही सहसा पूर्ण स्विच बदलावा लागतो. तीन, स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर स्टिअरिंग चाकाला स्वतः हात लावू नये. चुकीच्या हाताळणीने एअरबॅग अचानक उघडून गंभीर इजा होऊ शकते. हे काम प्रशिक्षित मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

दुरुस्ती होईपर्यंत घ्यावयाची दक्षता

• अंधार पडल्यावर ट्रॉली रस्त्यावर काढू नये.
• दिवसा न्यावीच लागली तर वळणाच्या बऱ्याच आधी वेग कमी करावा आणि आरशात पाहावे. उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर सरळ आडवा धरावा. डावीकडे वळताना उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा. भरलेल्या ट्रॉलीमुळे हा इशारा मागच्याला दिसेलच असे नाही, म्हणून मागचे वाहन पुढे जाऊ देऊनच वळावे.
• ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूंना पिवळ्या परावर्तक पट्ट्या लावाव्यात. त्या वीज नसतानाही चमकतात, पण वळणाची दिशा सांगत नाहीत. इंडिकेटरला त्या पर्याय नाहीत.
• मोठ्या आवाजातील टेपमुळे फ्लॅशरची टिकटिक आणि मागच्या वाहनाचा हॉर्न दोन्ही ऐकू येत नाहीत. रस्त्यावर टेप बंद ठेवावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

वाहतुकीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गावात ट्रॉली तपासणीचा अर्धा दिवस ठेवता येतो. त्यासाठी १२ व्होल्टची बॅटरी, १० अँपिअरचा फ्यूज आणि सात पिनांचा सॉकेट एका फळीवर बसवावा. निगेटिव्ह कायम पिन ३ ला जोडावे आणि पॉझिटिव्ह क्रमाने १, ४, ५, ६, ७ या पिनांना द्यावे. ट्रॅक्टर न आणताही कोणत्याही ट्रॉलीचे सर्व दिवे काही मिनिटांत तपासता येतात. जो दिवा लागत नाही किंवा चुकीच्या बाजूला लागतो, त्यावर खडूने खूण करून मालकाला दाखवावे. जवळच्या आयटीआयमधील विद्युत किंवा मोटर मेकॅनिक शाखेच्या विद्यार्थ्यांची मदत घेता येईल. एकाच गावातील सर्व ट्रॉल्यांच्या सॉकेटची जोडणी या वेळी एकसारखी करून घेतली, तर ट्रॉल्या अदलाबदल करताना होणारा डाव्या-उजव्याचा घोळही संपतो.

निघण्यापूर्वीची एक मिनिटाची तपासणी

१. ट्रॉली जोडल्यावर हॅझार्ड लावून भोवती एक फेरी मारावी. हॅझार्ड नसेल तर डावा आणि उजवा वेगवेगळा लावून मागे कोणाला तरी उभे करावे.
२. डावा लावल्यावर डावाच, उजवा लावल्यावर उजवाच लागतो ना, हे पाहावे.
३. ब्रेक दाबून मागचे लाल दिवे पाहावेत.
४. दिव्यांच्या काचा फडक्याने पुसाव्यात; चिखलाने माखलेला दिवा लांबून दिसत नाही.
५. दोन सुटे बल्ब, दोन फ्यूज आणि टेस्ट लॅम्प टूल बॉक्समध्ये ठेवावेत.

भरलेल्या ट्रॉलीचा चालक मागे पाहू शकत नाही आणि मागच्याला चालक दिसत नाही. दोघांमध्ये बोलणे होते ते या दिव्यातूनच. त्यामुळे पेरणीपूर्वी जसे बियाणे तपासतो, तसे वाहतुकीपूर्वी इंडिकेटर तपासणे हे हंगामाच्या तयारीतलेच काम समजावे.